अवकाशयान ते मनगटी घड्याळ : उदयोन्मुख तंत्रज्ञानातील मोजमापाचा प्रश्न (बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना :

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तंत्रज्ञानाची वाटचाल दोन परस्परविरुद्ध दिशांनी झालेली दिसते. एक दिशा पृथ्वीपासून दूर जाणारी आहे. पूर्वी केवळ राष्ट्रांच्या आवाक्यात असलेला अवकाशप्रवास खासगी कंपन्यांच्या हाती आला. दुसरी दिशा मानवी शरीराच्या अधिकाधिक जवळ येणारी आहे. नाडी, झोप, पावले आणि रक्तातील प्राणवायू यांची नोंद करणारी साधने मनगटावर आणि बोटात आली. या दोन्ही प्रवाहांची चर्चा बहुधा नवलाईच्या अंगाने केली जाते. श्रीमंतांची अवकाश सहल आणि शहरी माणसाचे आरोग्य घड्याळ एवढ्यापुरताच त्यांचा संबंध आहे, असा समज त्यातून रूढ होतो.

हा समज तपासून पाहण्यासाठी मांजरसुंबा हे ठिकाण उपयुक्त आहे. बीड तालुक्यातील हे गाव बालाघाटाच्या पठारावर, धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. येथून एक रस्ता पाटोद्याकडे, तर दुसरा केज-अंबाजोगाईकडे फुटतो. परिसरातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन, कापूस, तूर, बाजरी ही खरिपाची पिके आणि ज्वारी, हरभरा ही रब्बीची पिके होत. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. अशा परिसरातही वर उल्लेखिलेले दोन्ही प्रवाह येऊन पोहोचले आहेत. पिकाचे उत्पादन ठरविताना उपग्रहाच्या प्रतिमांचा विचार होऊ लागला आहे, आणि स्वस्त स्मार्ट घड्याळे तालुक्याच्या बाजारात मिळू लागली आहेत.

या दोन्ही तंत्रांचे कार्य कसे चालते, त्यांत साम्य कोणते, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि त्या मर्यादांचा भार कोणावर पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. खासगी अवकाशप्रवास : प्रवासी आणि भार

खासगी अवकाशप्रवासाचा प्रारंभ सामान्यतः २८ एप्रिल २००१ या दिवसापासून मानला जातो. त्या दिवशी अमेरिकन उद्योजक डेनिस टिटो स्वखर्चाने रशियाच्या सोयूझ यानातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे रवाना झाले. यान मात्र सरकारी होते. खासगी निधीतून बांधलेल्या यानाने माणसाला १०० किलोमीटरपेक्षा उंच नेण्याची पहिली घटना २१ जून २००४ रोजी घडली. बर्ट रुटान यांनी रचना केलेले स्पेसशिपवन हे ते यान होय. त्याच यानाने ४ ऑक्टोबर २००४ रोजी एक कोटी डॉलरचे अन्सारी एक्स पारितोषिक जिंकले. पुढे जुलै २०२१ मध्ये व्हर्जिन गॅलेक्टिक आणि ब्लू ओरिजिन या कंपन्यांच्या संस्थापकांनी आपापल्या यानांतून अवकाशाच्या सीमेपर्यंत प्रवास केला. सप्टेंबर २०२४ मध्ये पोलारिस डॉन मोहिमेत खासगी अंतराळवीरांनी प्रथमच यानाबाहेर पडून काम केले. भारताचे शुभांशु शुक्ला यांनी जून २०२५ मध्ये ॲक्सिअम-४ या खासगी मोहिमेतूनच अवकाश स्थानक गाठले.

या घटनांना प्रसिद्धी मिळणे स्वाभाविक आहे. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना वेगळीच आहे. २१ डिसेंबर २०१५ रोजी स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ अग्निबाणाचा पहिला टप्पा उपग्रह सोडून सुखरूप जमिनीवर परतला. मार्च २०१७ मध्ये असा वापरलेला टप्पा पुन्हा उडविण्यात आला. अग्निबाणाचा सर्वांत खर्चिक भाग प्रत्येक वेळी समुद्रात टाकून देण्याची गरज उरली नाही. २०१८ मधील एका अभ्यासानुसार एक किलोग्रॅम वजन पृथ्वीच्या निकटच्या कक्षेत नेण्याचा खर्च स्पेस शटलच्या बाबतीत सुमारे ५४,५०० डॉलर होता. फाल्कन-९ मुळे तो सुमारे २,७०० डॉलरवर आला. भाडे स्वस्त झाल्यावर वाहतूक वाढते, हा व्यवहारातला नियम येथेही लागू पडला. माणसांपेक्षा उपग्रहच अधिक संख्येने वर गेले, आणि त्यांतील अनेकांचे काम पृथ्वीकडे पाहण्याचे आहे.

या वाटचालीत भारताचाही वाटा आहे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३७ ने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह कक्षेत सोडले. त्यांपैकी ८८ उपग्रह प्लॅनेट या एकाच अमेरिकन खासगी कंपनीचे होते. पृथ्वीची रोज छायाचित्रे घेणे हा त्यांचा उद्देश होता. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने अवकाश क्षेत्र खासगी उद्योगांना खुले करण्याचा निर्णय जाहीर केला, इन-स्पेस ही नियामक व प्रोत्साहक संस्था स्थापन झाली आणि २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण मंजूर झाले. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा विक्रम-एस (१८ नोव्हेंबर २०२२) आणि चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचा अग्निबाण-सॉर्टेड (३० मे २०२४) ही त्यानंतरची प्रमुख चाचणी उड्डाणे होत.

महाराष्ट्रातील उद्योगांचा या क्षेत्राशी संबंध मात्र त्याहून जुना आहे. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इस्रोची विकास इंजिने घडली. साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे तयार केली. ऊस आणि अवकाश यांची गाठ अशा रीतीने एकाच कारखान्यात फार पूर्वी पडली होती.

२. उपग्रहाला शेत कसे दिसते?

उपग्रह धान्य पाहत नाही, तो परावर्तित प्रकाश पाहतो. हिरव्या पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते. पानाची अंतर्गत रचना मात्र डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. म्हणून पीक जितके जोमदार, तितका लाल प्रकाश कमी आणि अवरक्त प्रकाश जास्त परततो. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले असता जो आकडा मिळतो, त्यास वनस्पती निर्देशांक असे म्हणतात. उदाहरणार्थ, शेतातून लाल प्रकाश ५ टक्के व अवरक्त ४५ टक्के परतत असेल, तर निर्देशांक ४० भागिले ५०, म्हणजे ०.८ येतो. उघड्या जमिनीवरून लाल २० टक्के व अवरक्त २५ टक्के परतत असेल, तर तो ५ भागिले ४५, म्हणजे सुमारे ०.११ एवढाच येतो.

प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोनाला चित्रघटक म्हणतात. सेंटिनेल-२ हे युरोपीय उपग्रह सार्वजनिक निधीतून उभे राहिले असून त्यांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. या प्रतिमांतील चित्रघटक १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा असल्याने एक चित्रघटक म्हणजे जवळजवळ एक गुंठा, आणि एक एकर म्हणजे सुमारे ४० चित्रघटक, असा सोपा हिशेब मांडता येतो. लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा चित्रघटक सुमारे नऊ गुंठ्यांचा असतो. २५० मीटरचा चित्रघटक असलेल्या मोडिस संवेदकाच्या एका चौकोनात पंधरा एकरांहून अधिक क्षेत्र मावते. अल्पभूधारकाच्या दोन एकरांत सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर, बांधावर लिंब आणि कडेला गवत असेल, तर या सर्वांचा प्रकाश एकाच आकड्यात मिसळतो.

आणखी एक अडचण हवामानाची आहे. खरिपात पिकाची वाढ होते त्याच काळात आकाश ढगाळलेले असते, आणि प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला ढगांपलीकडचे दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत बीडसह मराठवाड्यात उभी पिके पाण्याखाली गेली. अशा दिवसांत ढगांतून आरपार जाणाऱ्या रडार लहरींचा आधार घ्यावा लागतो. भारताचा इओएस-०४ (२०२२) आणि नासा-इस्रो यांचा संयुक्त निसार (प्रक्षेपण ३० जुलै २०२५) हे उपग्रह या प्रकारचे आहेत. रडार पाणी आणि पिकाची ठेवण टिपते. दाणा भरला की नाही, शेंग कुजली की नाही, हे मात्र त्यालाही अप्रत्यक्षपणेच कळते.

३. घड्याळाला नाडी कशी कळते?

मनगटी साधनाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते व कमी होते. त्यामुळे परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो. या चढउतारांची संख्या म्हणजे नाडीचे ठोके होत. पावले मोजण्याचे काम गतीतील बदल टिपणारा सूक्ष्म संवेदक करतो.

रक्तातील प्राणवायू मोजण्याची रीत येथे विशेष लक्षणीय आहे. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडलेल्या तत्त्वावर ती आधारलेली आहे. प्राणवायूयुक्त रक्त आणि प्राणवायू गमावलेले रक्त लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. बोटाला लावण्याच्या उपकरणात हा प्रकाश बोटातून आरपार जातो, तर घड्याळात तो त्वचेतून परावर्तित होतो. दोन्ही प्रकाशांच्या चढउतारांचे गुणोत्तर काढले जाते. हे गुणोत्तर १ च्या जवळ असेल तर प्राणवायूचे प्रमाण साधारण ८५ टक्के समजले जाते. हा संबंध निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायू असलेल्या हवेत श्वास घ्यायला लावून, त्यांच्या रक्ताची प्रत्यक्ष तपासणी करून बसविलेला असतो. म्हणजेच उपकरणाच्या पडद्यावरील टक्केवारी ही आधी तयार केलेल्या कोष्टकातून वाचलेली असते.

उपग्रह सातशे-आठशे किलोमीटर उंचीवर असतो आणि घड्याळ त्वचेला टेकलेले असते. तरीही लाल व अवरक्त या एकाच जोडीचा आधार घेऊन, गुणोत्तर काढून, आधीच्या कोष्टकाशी ताडून दोन्ही साधने आपला निष्कर्ष देतात. दोन्ही साधने जे दाखवितात ते प्रत्यक्ष मोजमाप नसून अनुमान असते.

४. अनुमान कोठे चुकते?

अनुमान चूक असते असे नव्हे. योग्य पडताळणी झालेले अनुमान अत्यंत उपयुक्त ठरते. परंतु ज्या माणसांवर व ज्या जमिनींवर कोष्टक तयार झाले, त्यांच्यापेक्षा वेगळी परिस्थिती आली की त्यात फरक पडतो.

डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाने ही बाब ठळकपणे पुढे आणली. रक्तातील प्राणवायू धोकादायकरीत्या कमी झालेला असतानाही उपकरण तो पुरेसा असल्याचे दाखवीत होते, असे प्रसंग गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळले. त्वचेतील कृष्णरंजक द्रव्य प्रकाश शोषते आणि कोष्टक बनविताना अशा त्वचेचा पुरेसा विचार झालेला नसतो. मनगटी साधनांबाबत याखेरीज हाताची हालचाल, घाम, सैल पट्टा आणि गोंदण हेही अडथळे ठरतात. गोंदणाची शाई प्रकाश अडवू शकते, असे घड्याळ बनविणाऱ्या कंपन्यांनीच नमूद केले आहे.

शेताच्या बाबतीत त्वचेची जागा जमीन घेते. पीक विरळ असताना पानांच्या मधून जमीन दिसते. पिकाची घनता सारखीच असली तरी काळ्या जमिनीवर वनस्पती निर्देशांक अधिक आणि फिकट जमिनीवर कमी येतो. हा दोष दूर करण्यासाठी ए. आर. ह्यूट यांनी १९८८ मध्ये मातीचा परिणाम लक्षात घेणारा सुधारित निर्देशांक मांडला. बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. गेवराई, माजलगाव भागातील गोदाकाठची जमीन खोल व काळी आहे, तर बालाघाटाच्या पठारावर हलक्या, मुरमाड जमिनींचे प्रमाण मोठे आहे. एकाच गावात ओढ्याकाठचे शेत आणि माळावरचे शेत यांत हा फरक आढळतो. एका भागात बसविलेले कोष्टक दुसऱ्या भागाला जसेच्या तसे लावल्यास चूक संभवते.

म्हणून दूरसंवेदनशास्त्रात भू-सत्यता या संकल्पनेला मोठे स्थान आहे. प्रतिमेवरून काढलेला निष्कर्ष जमिनीवर प्रत्यक्ष जाऊन पडताळणे म्हणजे भू-सत्यता. ही पडताळणी जितकी काळजीपूर्वक होईल, तितके अनुमान विश्वासार्ह ठरते.

५. पीक विमा : अनुमानाचे रुपयांतील मूल्य

पंतप्रधान पीक विमा योजना खरीप २०१६ पासून सुरू झाली. तिच्यात नुकसानभरपाई प्रत्येक शेतानुसार न ठरता विमा क्षेत्र घटकानुसार ठरते. महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी हा घटक सामान्यतः महसूल मंडळ असतो. मंडळात यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतांत पीक कापणी प्रयोग केले जातात. मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार मंडळ पातळीवर एका पिकासाठी किमान १० प्रयोग अपेक्षित आहेत. त्यांवरून निघालेले सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा जितके टक्के कमी, विमा संरक्षित रकमेच्या तितके टक्के भरपाई देय होते.

या योजनेच्या इतिहासात बीड जिल्ह्याला वेगळे स्थान आहे. २०२० मध्ये जिल्ह्यात योजना राबविण्यास विमा कंपन्या पुढे आल्या नाहीत. त्यानंतर भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत ८०:११० हे सूत्र अमलात आले. भरपाई जमा विमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेल्यास वरचा भार राज्य शासनाने उचलावयाचा. ती ८० टक्क्यांहून कमी राहिल्यास कंपनीने हप्त्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून उर्वरित शासनास परत करावयाची. हे सूत्र बीड पॅटर्न या नावाने ओळखले गेले आणि २०२२ मध्ये राज्यभर स्वीकारले गेले. जोखमीची वाटणी कशी करावी, याचे उत्तर या सूत्राने दिले. नुकसान नेमके किती झाले हे कसे ठरवावे, हा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजे येस-टेक ही तंत्रज्ञानाधारित उत्पादन अंदाज पद्धती होय. केंद्र शासनाने खरीप २०२३ पासून भात व गहू या पिकांसाठी आणि पुढे २०२४ पासून सोयाबीनसाठी ती लागू केली. उत्पादन ठरविताना तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के भार देण्याची तरतूद तिच्यात आहे. यामागील हेतू योग्य आहे. कापणी प्रयोग वेळखाऊ असतात, मनुष्यबळ अपुरे असते, आणि प्रयोगांच्या निवडीबाबत व आकड्यांबाबत वाद होतात. उपग्रह पक्षपात करीत नाही आणि कोणतेही गाव वगळत नाही.

तथापि चुकीच्या अंदाजाचा परिणाम काय होतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून समजून घेता येईल. एखाद्या मंडळाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे असे मानू. कापणी प्रयोगांत उत्पादन ८ क्विंटल आले, तर घट २० टक्के आणि भरपाई १०,००० रुपये होते. हलकी जमीन, आंतरपीक किंवा शेवटच्या पावसात कुजलेल्या शेंगा यांमुळे उपग्रहाधारित अंदाज ९.५ क्विंटल आला, तर ७०:३० या भाराने उत्पादन ८.४५ क्विंटल ठरते. घट १५.५ टक्के आणि भरपाई ७,७५० रुपये होते. हेक्टरी २,२५० रुपयांचा हा फरक मंडळातील प्रत्येक विमाधारकाला लागू होतो. अंदाज उलट दिशेने चुकल्यास शेतकऱ्याला अधिक रक्कम मिळेल, हेही तितकेच खरे आहे. मात्र दोन्ही प्रसंगी अंदाज कसा निघाला हे ज्याच्यासाठी तो काढला त्या शेतकऱ्याला तपासता येत नाही. कापणी प्रयोग गावातल्या शेतात, लोकांच्या डोळ्यांदेखत होतो. संगणकातील प्रक्रिया तशी दिसत नाही.

६. ऊसतोड कामगार आणि अंगावरील साधने

मोजमाप आणि विश्वास यांचा प्रश्न ऊसतोड कामगारांना नवा नाही. त्यांची मजुरी टनावर ठरते आणि वजन कारखान्याच्या काट्यावर होते. काटामारी हा शब्द ऊसपट्ट्यात ज्या अनुभवातून रूढ झाला, त्यात काटा आपल्या हाती नसल्याची भावना आहे. उचल, मुकादमाचा हिशेब आणि तोडीच्या खेपा यांच्या नोंदीही बहुधा दुसऱ्याच्या वहीत असतात.

या पार्श्वभूमीवर अंगावर घालण्याच्या साधनांकडे पाहिले पाहिजे. त्यांचा संभाव्य लाभ खरा आहे. कोयता चालविणे आणि मोळ्या वाहून गाडीत भरणे ही अतिशय कष्टाची कामे आहेत. हंगामाच्या अखेरीस, मार्च-एप्रिलमध्ये त्यांत उष्णतेची भर पडते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वादोर या देशांत ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाचा गंभीर विकार मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि उष्णतेतील अतिश्रम हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. हृदयाचे ठोके दीर्घकाळ वाढलेले राहणे ही अतिश्रमाची खूण असते. ती वेळीच कळली तर काम थांबविता येते. तथापि कोयता घट्ट धरलेल्या व सतत हलणाऱ्या हातावर घड्याळाचा आकडा सर्वांत कमी विश्वसनीय असतो. मनगटाच्या त्वचेचे तापमान म्हणजे शरीराच्या आतील तापमान नव्हे. रक्त न काढता घड्याळ किंवा अंगठी रक्तातील साखर सांगते, असा दावा करणाऱ्या उपकरणांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. शिवाय मध्य अमेरिकेत उपाय म्हणून भर देण्यात आला तो पाणी, सावली आणि ठरावीक अंतराने विश्रांती यांवर. साधन धोका दाखवू शकते. विश्रांती घेण्याची मुभा मात्र कामाच्या व्यवस्थेने द्यावी लागते.

साधनाची दुसरी बाजूही आहे. नागपूर महानगरपालिकेने २०१० च्या दशकाच्या अखेरीस सफाई कामगारांना जीपीएस घड्याळे दिली. कामगार कोठे आहे व हजर आहे की नाही, याची नोंद त्यातून होते. चंदीगडमध्ये २०२० साली अशाच घड्याळांना सफाई कामगारांनी विरोध केला. एकच घड्याळ कामगाराच्या हृदयाची काळजी घेणारे ठरू शकते आणि त्याच्या विसाव्याच्या क्षणांचा हिशेब ठेवणारेही ठरू शकते. फरक यंत्रात नसून नोंद कोणाकडे जाते यात आहे. टनावर मजुरी आणि डोक्यावर उचल असलेल्या जोडप्याच्या बाबतीत हा फरक अधिकच महत्त्वाचा ठरतो.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा राज्य शासनाने समिती नेमली आणि महिलांची पाहणी करण्यात आली. प्रश्नाची व्याप्ती कळली ती या महिलांपर्यंत जाऊन विचारल्यामुळे. जे आधीपासून नोंदले जात नाही, ते कोणतेही साधन आपोआप सांगत नाही.

७. नोंद कोणाची?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. माहिती कशासाठी घेतली जात आहे हे सांगून संमती घेणे आणि माहिती दुरुस्त करण्याचा अधिकार देणे ही त्यातील प्रमुख तत्त्वे आहेत. मनगटावरील नोंदींना हा कायदा लागू होऊ शकतो. शेताच्या उपग्रह प्रतिमेचे तसे नाही. ती व्यक्तीची माहिती मानली जात नाही, तरी तिच्यावरून व्यक्तीचे उत्पन्न ठरते.

या संदर्भात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेला ई-पीक पाहणी हा उपक्रम उल्लेखनीय आहे. त्यात शेतकरी स्वतः आपल्या शेतात उभा राहून भ्रमणध्वनीवर पिकाचे छायाचित्र स्थळनिर्देशासह नोंदवितो. पूर्वी तलाठ्याच्या हाती असलेल्या नोंदीत शेतकऱ्याचा सहभाग आला. नेटवर्कचा अभाव आणि भ्रमणध्वनीची अनुपलब्धता या अडचणी आहेतच. तथापि अशा नोंदी पद्धतशीरपणे साठविल्या व पडताळल्या गेल्या, तर उपग्रहाच्या अनुमानासमोर ठेवता येईल असा स्थानिक पुरावा त्यांतून उभा राहू शकतो.

८. महाविद्यालयांचे कार्य

उपग्रह बांधणे किंवा घड्याळ बनविणे हे ग्रामीण महाविद्यालयाचे काम नव्हे. परंतु पडताळणी करणे हे निश्चितच त्याचे काम होऊ शकते. त्यासाठी लागणारी साधने आज हाताशी आहेत.

(अ) भूगोल विभागास इस्रोचे भुवन संकेतस्थळ, सेंटिनेल-२ च्या विनामूल्य प्रतिमा आणि क्यूजीआयएस ही विनामूल्य संगणक प्रणाली वापरता येईल. महाविद्यालयाच्या परिसरातील काही निवडक शेतांचा वनस्पती निर्देशांक हंगामभर नोंदवून तो प्रत्यक्ष उत्पादनाशी ताडता येईल. हलक्या व भारी जमिनींची तुलना हा पदवी स्तरावरील प्रकल्पास योग्य विषय आहे.

(आ) वनस्पतिशास्त्र विभागास आंतरपीक असलेल्या शेतातील एका गुंठ्यात कोणत्या पिकाने किती क्षेत्र व्यापले आहे, याच्या नोंदी ठेवता येतील.

(इ) भौतिकशास्त्र विभागास लाल व अवरक्त दिव्यांच्या साहाय्याने बोटातील रक्तप्रवाहाचे चढउतार प्रयोगशाळेत दाखविता येतील. तोच प्रयोग पानावर करून दाखविल्यास दोन्ही तंत्रांतील साम्य विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.

(ई) शारीरिक शिक्षण विभागास हाताने मोजलेली नाडी व घड्याळाने दाखविलेली नाडी यांची विश्रांतीत, धावताना व हाताचे काम करताना तुलना करता येईल. अशा उपक्रमात सहभागी व्यक्तींची लेखी संमती आणि नावांची गुप्तता आवश्यक आहे.

(उ) वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांस विम्याच्या सूत्रावर आधारित उदाहरणे शेतकऱ्यांना मराठीतून समजावून देता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरात हा विषय घेणे सोयीचे ठरेल.

बीड जिल्ह्यातील अनेक विद्यार्थी स्वतः शेतकरी व ऊसतोड कुटुंबांतून आलेले असतात. कोणते शेत कधी पेरले, कोणत्या पावसात बसले, कोणत्या हंगामात कुटुंब कोठे गेले होते, याची माहिती त्यांच्यापाशी असते. ती रीतसर नोंदविण्याचे शिक्षण मिळाले, तर हीच माहिती भू-सत्यता म्हणून मान्यता पावू शकते.

समारोप :

खासगी अवकाशप्रवासामुळे उपग्रह स्वस्त झाले आणि सूक्ष्म संवेदकांमुळे आरोग्य उपकरणे मनगटावर आली. हे दोन्ही प्रवाह थांबणारे नाहीत आणि थांबविण्याचे कारणही नाही. वर केलेल्या विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, दोन्ही तंत्रे प्रकाशावरून अनुमान करतात आणि त्या अनुमानाची विश्वासार्हता स्थानिक प्रमाणीकरणावर अवलंबून असते. दुसरी बाब अशी की, जमीन, त्वचा आणि काम यांचे जे प्रकार प्रमाणीकरणात धरलेले नसतात, त्यांच्या बाबतीत चूक होण्याचा संभव अधिक असतो, आणि कोरडवाहू शेतकरी व अंगमेहनतीचे कामगार प्रायः त्याच गटात मोडतात. तिसरी बाब अशी की, अनुमानावरून पैसा किंवा मजुरी ठरणार असेल, तर ज्याच्याविषयी अनुमान केले त्यास ते तपासण्याची व त्यावर आक्षेप घेण्याची सोय असली पाहिजे.

ही सोय कायद्याने, प्रशासनाने आणि शिक्षणसंस्थांनी मिळून निर्माण करावयाची आहे. मांजरसुंब्याच्या परिसरातील एखाद्या शेतात येत्या खरिपात पीक कापणी प्रयोग होईल, तेव्हा त्याच शेतावरील चाळीस-पन्नास चित्रघटकांची हंगामभराची नोंद जवळच्या महाविद्यालयाकडे असणे आज शक्य आहे. दोन आकड्यांत तफावत आढळली, तर ती दाखवून देणारा कागद शेतकऱ्याच्या हाती देता येईल. त्यासाठी लागणारी प्रतिमा विनामूल्य आहे आणि लागणारे शिक्षण महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे.